उपाशीपोटीचं रक्त

९ जून

आई,

नमस्कार. फोनच करणार होते. पण फोनवर कामाचं काही विचारलं की तुम्हाला ऐकू येईनासं होतं, आणि ताईंच्या नव्या पडद्यांचा विषय निघाला की पलीकडच्या खोलीतलं घड्याळसुद्धा ऐकू येतं. म्हणून लिहिते. कागद बहिरा होत नाही. अक्षर वाईट आहे ते चालवून घ्या. सातवीनंतर माझ्या हातात पेन कमी आणि खडू जास्त, तोही कापडावर काजांच्या खुणा करायचा.

तुम्ही ताईंकडे गेलात त्याच्या आदल्या दिवशी भिंगरीला दवाखान्यात नेलं होतं, आठवतंय ना? तुमच्या लेकाला साखरेच्या गोळ्या जिथून मिळतात, तिथल्याच डॉक्टरीणबाईंनी बोलावलं होतं. ज्या मुलांच्या आईला नाहीतर बापाला मधुमेह आहे, त्यांच्या रक्तात आजार व्हायच्या आधीच काही खुणा दिसतात का, हे त्या शोधतायत. उपाशीपोटी एकदा रक्त घेतलं, मग गोड पाणी पाजून परत घेतलं. भिंगरी रडली नाही. तुमचा लेक सुई बघून बाकावर आडवा झाला. आणि म्हणे हा माणूस लिफ्टच्या पोकळीत लोंबकळून काम करतो.

काल निकाल आला. बाई म्हणाल्या, साखर छान आहे. मी पिशवी उचलून उठलेच, तर म्हणाल्या, बसा जरा. साखर छान आहे, पण इन्सुलिन नावाचं हार्मोन असतं, तेच साखरेला जागेवर ठेवतं, ते उपाशीपोटी फार जास्त निघालंय. म्हणजे साखर छान दिसावी म्हणून पोरीचं शरीर आतून दुप्पट राबतंय. दुसरं एक हार्मोन चरबीतून येतं, ते भरपूर असलेलं चांगलं, तर ते नेमकं कमी. त्याचं नाव सांगितलं होतं, पण घरी येईपर्यंत डोक्यात राहिलं नाही. मी म्हटलं, बाई, म्हणजे शिवण वरून सरळ दिसतेय, पण आतला दोरा ताणलाय, असंच का? म्हणाल्या, अगदी असंच. मला वाटलं होतं त्या नाही म्हणतील.

आई, आठ वर्षांची आहे हो ती. बाई म्हणतात, हा आजार नाही, नुसती खूण आहे, पुढच्या महिन्यात परत बघू. पण ताणलेल्या दोऱ्याचं पुढे काय होतं, ते मला बाईंनी शिकवायला नको.

एक विचारायचंय. बाईंना हवंय की आजी-आजोबांपैकी कुणाला साखर होती का. माझ्या आईबाबांना नाही, दोघांनी तपासून घेतलंय. तुमच्याबद्दल तुमचा लेक म्हणाला, "आई ठणठणीत." मामंजींचं विचारलं तर तो छताकडे बघायला लागला. मामंजींच्या पायाचं बोट कशामुळे कापलं होतं? खरं काय ते लिहा.

बाकी ठीक. तुम्ही गेल्यापासून मोरीतल्या मुंग्यासुद्धा गेल्या. मी इतके दिवस उगाच फिनेल ओतत होते. त्यांना तुमचीच सोबत आवडत असणार.

तुमची सून

१५ जून

सूनबाई,

पत्र मिळालं. अक्षर वाईट आहे हे तेवढं खरं लिहिलंस.

आमच्या घराण्यात कुणाला साखर नाही. नव्हती, नाही आणि होणारही नाही. तुझ्या नवऱ्याला झाली ती लग्नानंतर. त्याआधी सव्वीस वर्षं तो माझ्या हातचं जेवत होता, तेव्हा काही नव्हतं. मी काही म्हणत नाही, तूच विचार कर.

तुझ्या मामंजींच्या बोटावर लोखंडी पेटी पडली होती. अख्ख्या गल्लीनं ती पेटी बघितली आहे. पेटी पडल्यावर बोट जाणार नाही तर त्याला काय फुलं येणार? आणि तुझ्या बापाचं पोट बघितलंस का? दारातून आधी पोट येतं, माणूस मागून येतो. त्याला म्हणे काही निघालं नाही! मशीन बिघडलेलं असणार. पण तुमचं बरं आहे, आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

पोरीचं इतक्या वेळा रक्त काढलं, ती काय पाण्याची टाकी आहे? तोटीच बसवायची राहिली. आणि साखर छान आली ना? मग झालं. मला ठाऊकच होतं छान येणार. माझी नात कशी नेली म्हणजे चार लोकांत शोभेल, हे बघणारं माणूस त्या सकाळी घरात होतं, एवढंच लिहिते.

इथे सगळं झकपक. न्हाणीघर तर असं, की फरशीत बघून भांग पाडावा. पण मुंग्या! कमोडभोवती नुसती रांग. तुझ्या नणंदेनं दोनदा पावडर मारली, कामवालीला बोल लावले, जावयानं फटींत सिमेंट भरलं. मी म्हटलं, फरशी चकाकली म्हणजे घर राखलं असं होत नाही गं. शिवाय इथलं पाणी बेचव. कितीही प्या, तहान म्हणून भागत नाही. उशाशी भरलेला तांब्या ठेवते, तो सकाळपर्यंत रिकामा, आणि मग सारखं उठा नि जा.

पोरीला उपाशी मारू नकोस.

सासू

२८ जून

आई,

उपाशी मारत नाहीये, गोड बंद केलंय. साखरेचा डबा कपाटात आणि कपाटाला कुलूप. किल्ली माझ्या गळ्यात. दुकानात काजं करताना ती मशीनवर आपटते, तर बायका विचारतात, कुठला खजिना गं? मी म्हणते, साखरेचा.

आता तुमच्या ठणठणीत घराण्याची गंमत ऐका. ज्याला खरोखरीचा मधुमेह आहे, त्याच्या हत्यारांच्या पिशवीत मला पान्याखाली बिस्किटाचा पुडा सापडला. म्हटलं, हे काय? तर म्हणतो, "लिफ्टमध्ये कुणी अडकलं तर त्याला द्यायला ठेवतो." मी म्हटलं, अर्धा पुडा संपलाय, किती लोक अडकले या आठवड्यात? शेजारणीनं कडू रस पाठवला, वरच्या मजल्यावरच्या काकांनी सांगितलं पोरीला उलटं चालवा. सल्ला द्यायला कुणाचं काय जातं? त्या काकांना स्वतःला दोन पायऱ्या सुलट्या चढवत नाहीत.

पण भिंगरीचं हसण्यावारी न्यायची सोय राहिली नाही. आधी चोरून खायला लागली. शाळेत नवाकोरा खोडरबर देऊन लिमलेटची गोळी घेतली. मी रागावले, जरा जास्तच रागावले. तेव्हापासून ती काहीच खाईना. भात वाढला की विचारते, "यात पण साखर असते ना?" पोळी दाखवली तर, "यात?" दूध तर बघतसुद्धा नाही. परवा शाळेत रांगेत उभी असताना चक्कर येऊन पडली. तिच्या बाईंनी मला बोलावलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "घरी जेवायला देता ना?" आई, मला वाटलं जमीन फाटेल तर बरं. रात्री अंथरुणात ती मला म्हणाली, "बाबांना गोळ्या देतात तशा मला पण देणार का? की मी त्याच्या आधीच मरणार?" मी म्हटलं, गप गं वेडे. मग मोरीत नळ सोडून रडले.

आता नीट वाचा. चष्मा लावा. ऐकू आलं नाही असं म्हणायची इथे सोय नाही.

काल तिला सांगितलं, पुढच्या बुधवारी परत दवाखान्यात जायचंय, उपाशीपोटी. तर ती म्हणाली, "पण आजी नाहीये. मग मला मोरीत दूध कोण देणार?"

"कुठलं दूध?"

"गुपचूपवालं. मागच्या वेळी नाही का दिलं, साखर घातलेलं. आणि पाव. आजीनं कडी लावली होती. म्हणाली, आईला सांगायचं नाही, डॉक्टरला तर मुळीच नाही."

म्हणजे उपाशीपोटीचं रक्त म्हणून आम्ही जे दिलं, ते भरल्या पोटीचं होतं? आणि त्या आकड्यापायी मी तीन आठवडे माझ्या पोरीच्या तोंडचा घास काढून घेतला? काय केलंत हे तुम्ही, आई? दूध किती होतं, साखर किती होती, निघायच्या किती आधी दिलं, सगळं लिहा. बाईंना सांगायचंय. आणि का दिलंत ते मला सांगा.

सून

४ जुलै

सूनबाई,

पेलाभर दूध. साखर तीन चमचे. चौथा सांडला. पाव एकच, त्याला लोणी लावलं होतं. तुम्ही चपला घालत होता तेव्हा दिलं.

का दिलं म्हणजे? फोटो काढायला नेताना पोराचं तोंड धुतो की नाही? मग रक्त दाखवायला न्यायचं ते तसंच, पारोसं? उपाशी पोरीचं रक्त फिकं, पाणचट. त्या डॉक्टरणीला वाटलं असतं, या घरात खायलाच घालत नाहीत. मला बघायला आले होते तेव्हा माझ्या आईनं मलाही आधी दूध पाजलं होतं, गाल लाल दिसावेत म्हणून. दिसलेही. नाहीतर तुझा नवरा कुठून आला असता?

आणि इन्सुलिन वाढलं म्हणून आता गळा काढतेस. अगं, पाहुणा दारात आला की घरचा माणूस उठतोच. दूध पोटात गेल्यावर ते उठलं, तर त्यात त्या बिचाऱ्याचा काय दोष? दोष न विचारणाऱ्याचा. डॉक्टरणीनं पोरीला विचारलं, सुईची भीती वाटते का. "घरी आजीनं काही दिलं का?" असं कुणी विचारलं?

पोर रांगेत पडली हे वाचलं. तिथून पुढचं पत्र मी तुझ्या नणंदेकडून वाचून घेतलं, मला अक्षर लागेना. तुझं अक्षर वाईट आहेच. तिला भात घाल. मी सांगितलंय म्हणून सांग. तिला म्हणावं, चूक दुधाची नव्हती, म्हातारीची होती.

मुंग्या अजून आहेत. जावई आता पैसे देऊन माणूस बोलावणार आहे. म्हणतो, आई यायच्या आधी नव्हत्या. त्याला म्हटलं, हो, माझ्या ट्रंकेतून आणल्या.

सासू

१९ जुलै

आई,

तुमचं पत्र मी बाईंना वाचून दाखवलं. लाल गालांच्या ओळीपर्यंत त्या हसत होत्या. मग चष्मा काढून म्हणाल्या, "इतक्या मुलांची रक्तं घेतली, आता प्रत्येकाच्या आजीला वेगळ्या खोलीत बसवावं लागेल."

त्या बुधवारी परत रक्त दिलं. खरं उपाशीपोटीचं. मी स्वतः मोरीच्या दारात उभी राहिले, पोलिसासारखी. तुमचा लेक आत दाढी करत होता, त्यालाही बाहेर काढलं, त्याच्यावर माझा विश्वास नाही. भिंगरी म्हणाली, "आई, मी खरंच काही खाल्लं नाही, वास घे." आणि आ करून उभी राहिली.

निकाल सांगते. इन्सुलिन खाली आलं, पुष्कळ खाली आलं. तुमच्या दुधानंच ते वर गेलं होतं; नंबर लागेपर्यंत साखर जागेवर आली होती, ते मात्र अजून वरच होतं. बाई म्हणाल्या, आता ते काठावर आहे, आतल्या बाजूला. मी देव्हारा नसलेल्या भिंतीलाही हात जोडले असते. पण ते दुसरं, चरबीतलं, अजून तेवढंच कमी आहे. मी विचारलं, ते पण दुधामुळे का? तर म्हणाल्या, नाही, ते एका जेवणानं बदलत नाही. म्हणजे एक आकडा तुमचा होता आणि एक तिचा.

मग मी त्यांना सरळच विचारलं, "बाई, होणार का हिला?" त्या म्हणाल्या, "एका मुलाबद्दल असं कुणालाच सांगता येत नाही. वाट तिकडे जाते एवढं दिसतं, पोर तिच्यावरून चालेलच असं नाही." आणि मला रागावल्या. म्हणाल्या, कुलूप काढा. पोटभर जेवू दे, गोड कधीतरी खाऊ दे, गोड पाणी नको, आणि रोज घाम येईपर्यंत खेळू दे. वाढत्या पोरीला उपाशी ठेवून कुणाचं भलं होत नाही. हे सगळं तुम्ही एका ओळीत लिहिलं होतंत, ते मी त्यांना सांगितलं नाही. तुम्हीही शेफारू नका.

आता पुढचं. त्यांनी परत विचारलं, आजी-आजोबांचं काय? मी म्हटलं, आजी ठणठणीत, फक्त परगावचं पाणी त्यांना मानवत नाही, तांब्याच्या तांब्या पितात तरी तहान जात नाही. बाईंनी लिहिता लिहिता हात थांबवला. म्हणाल्या, लघवीला सारखं उठतात का? मी म्हटलं हो. वजन उतरलंय का? मला तुमचे ब्लाउज आठवले. जाताना दोन्ही बाजूंनी मीच टिपा घालून दिल्या होत्या, आणि म्हटलं होतं, आई, लेकीकडे जायच्या आनंदानं बारीक झालात. मग त्या नुसत्याच म्हणाल्या, "पूर्वी मशीनं नव्हती ना, तेव्हा लोक हा आजार मुंग्यांवरून ओळखायचे. जिथे लघवीतून साखर जाते तिथे त्या जमतात."

आई, मुंग्या आपल्या मोरीतून ताईंच्या न्हाणीघरात चालत गेल्या नाहीत.

मी चिडून लिहीत नाहीये. चिडले होते, ते दूध उतू जावं तसं उतू जाऊन संपलं. मला घाबरायला होतंय म्हणून लिहितेय. तुमच्यासाठी पण, हे तुम्हाला खोटं वाटेल. तपासून घ्या. सकाळी, काही न खाता, मोरीची कडी न लावता. आणि मामंजींच्या पेटीचं परत एकदा सांगा. बाई म्हणतात, वाट किती मागून येतेय ते कळलं तर पोरीला पुढे कुठे अडवायचं ते कळेल. मला तुमच्या घराण्याचं नाक कापायचं नाही. ते तुमच्या चेहऱ्यावर आहे तिथेच छान दिसतं. मला भिंगरीचे पाय हवेत. दहाही बोटांसकट.

भिंगरी जेवते आता. काल तिनं बाबांची हत्यारांची पिशवी तपासली आणि पुडा जप्त केला. म्हणाली, "लिफ्टमध्ये कुणी अडकलं तर मला फोन करायला सांगा."

तुमची सून

२ ऑगस्ट

सूनबाई,

गेले होते. उपाशीपोटी. निघताना तुझ्या नणंदेनं चहा पुढे केला, म्हणे, "आई, घोटभर घे, चक्कर येईल." मी म्हटलं, बाजूला हो, मला खरं रक्त द्यायचंय.

साखर निघाली. थोडीथोडकी नाही. इथल्या डॉक्टरनं निकाल बघितला, मग मला बघितलं, मग परत निकाल बघितला. म्हणाला, घरात आणखी कुणाला आहे? म्हटलं, मुलाला. म्हणाला, त्याला कुणाकडून आली असेल? मी म्हटलं, आजपर्यंत आम्ही ती सुनेच्या स्वयंपाकावर घालत होतो. तो हसला. मी हसले नाही.

पेटी पडली होती हे खरं. गल्लीनं बघितली हेही खरं. पण पेटी पडल्यावर ओरडले ती मी. ते नव्हते ओरडले. ते वळून मला म्हणाले, "काय झालं गं?" रक्तानं चप्पल भरली होती आणि त्या माणसाला पत्ताच नव्हता. त्याआधी कितीतरी दिवस त्यांच्या पायांना काही कळत नव्हतं. डॉक्टरनं तेव्हाच आजाराचं नाव सांगितलं होतं. घरात लग्नाची मुलगी होती. आम्ही पेटीचं नाव पुढे केलं, आणि सांगून सांगून मलाही तेच खरं वाटायला लागलं. लोखंडाला काय, कुठलाही आळ घ्या, ते बोलत नाही.

तर आजोबांपुढे होय लिही, आजीपुढेही होय लिही. मोठ्या अक्षरात लिही, तुझं लहान अक्षर कुणाला लागत नाही. तुझ्या बापाच्या पोटाबद्दल लिहिलं ते मी मागे घेणार नाही. मशीनबद्दलचं घेते.

जावयानं मुंग्यांसाठी बोलावलेला माणूस दारातूनच परत पाठवला. कामवालीला मात्र मीच बोलावलं आणि सांगितलं, बाई, तुझी चूक नव्हती. ती म्हणाली, मला ठाऊक होतं. सगळ्या जगाला ठाऊक होतं म्हणायचं! तुझी नणंद आता तिच्या दोन्ही पोरांना तपासायला नेणार आहे. मी तिला बजावलंय, त्या सकाळी मला घरात ठेवू नकोस.

रविवारी येतेय. रोज सकाळी भिंगरीला घेऊन चालायला जाईन. ती पुढे गरगर फिरेल, मी मागून शिव्या घालत येईन, दोघींनाही घाम येईल. कुलूप काढलंस ते बरं केलंस. किल्ली मात्र गळ्यातच ठेव. तिच्यासाठी नाही, माझ्यासाठी. मी मागितली तर देऊ नकोस, आणि मी कितीही बोलले तरी तुला ऐकू येत नाही असं कर. कसं करायचं ते मी आल्यावर शिकवीन.

डॉक्टर म्हणाला, गोळ्या नीट घेतल्या तर मुंग्या यायच्या नाहीत. तरी मी येतेय हे त्यांना सांगू नकोस.

सासू